निवळायला ठेवलेलं पाणी

शाळेची बस आवारात लावून
नऊच्या सुमारास मी धरणावर जाते.
धरण म्हणजे गवताखाली झाकलेला
लाल मातीचा एक लांबट उंचवटा.
नवख्याला टेकडी वाटते.
ओक्लाहोमाच्या या कोपऱ्यात टेकड्या नाहीत
हे त्याला कोण सांगणार.

मागे चार एकरांचं तळं, गुडघाभर.
ते पाणी साठवायला बांधलंच नव्हतं,
वर्षाकाठी एखादी रात्र अडवायला बांधलं.

एल्डन स्टेगमन बावीस वर्षं हे बघायचा.
पगार नाही. एक फावडं, एक वही,
आणि काकडीच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्या.
गुडघे गेले तेव्हा सगळं माझ्या पायरीवर ठेवून म्हणाला,
ट्वायला, तू तशीही पहाटे उठतेस.

वहीत शाई कमी, शब्द त्याहून कमी :
गोफर. बीळ बुजवलं.
गोफर परत आला.
पाइपच्या तोंडाशी ओंडका, आणि कुणाची तरी खुर्ची.
विलोचं रोप, मनगटाएवढं. कापलं. वाईट वाटलं.

(झाड मेलं की मूळ कुजतं,
मुळाच्या जागी मुळाएवढी वाट उरते.
वाट शोधायला पाण्याला कंदील लागत नाही.)

ऑगस्टात सगळा उतार तांब्यासारखा होतो
तेव्हा पायथ्याशी एक जागा हिरवीगार असते.
एल्डनच्या वहीत ती ताटाएवढी.
आता माझ्या गाडीच्या बॉनेटएवढी.
कुठंतरी पाणी मुरतंय,
असं म्हणून मान हलवायची सोय इथं नाही.
वाकायचं, बरणी टेकवायची, भरेपर्यंत थांबायचं.
मग चिठ्ठी, तारीख, स्वयंपाकघराची खिडकी.
उन्हात ओळीने उभ्या बरण्या, जणू कुणी काहीच मुरायला घातलं नाही.

त्याचा नियम पुठ्ठ्यावर, आतल्या बाजूला :
नितळ पाझरलं तर झोप.
गढूळ पाझरलं तर माणसांना उठव.

उठवायला तेव्हा होतं कोण?
खाली लसूणघासाचं शेत, एक गोठा.
कागदावर धरण 'कमी धोक्याचं'.
कागद तसाच आहे.
शेताच्या जागी आता माझ्या बसचे चार थांबे आहेत.
मारिसोल आणि तिचा भाऊ, एकच दप्तर दोघांत.
लूनस्फर्डांचे तिघे.
डेलेनी, जिचे मोजे कधी जुळत नाहीत.
एकूण अकरा.
चढताना मोजते, उतरताना मोजते,
हल्ली रात्री आडवी झाले की आणखी एकदा.

गुरुवारी रात्री चार इंच झाला.
शुक्रवारची बरणी नेहमीपेक्षा लवकर भरली.
रात्रभर निवळू दिली.
सकाळी तळाशी लाल रेघ,
नखाच्या कडेएवढी.
हलवली तर धुरासारखी उठली,
फिरली,
सावकाश परत आपल्या जागी बसली.

कचेरीत फोन लावला. प्रूइट नावाचा मुलगा, नवा.
किती, म्हणाला.
नखाच्या कडेएवढी.
कुणाच्या नखाच्या, असं तो म्हणाला नाही,
पण तेवढा वेळ गप्प राहिला.
मग : बरणी धुतलेली होती ना, मॅडम?

धुतली होती.
धुतलीच होती बहुतेक.

सोमवारी माणूस पाठवतो म्हणाला.
मी दुसरी बरणी उकळत्या पाण्यातून काढली,
पुसली, उजेडात धरली, पुन्हा पुसली,
आणि परत गेले.
हिरव्या जागेवर बूट घोट्यापर्यंत रुतला.
हे वहीत कसं लिहायचं कळेना.
'घोटा' एवढंच लिहिलं.

आज शाळा सुटल्यावर तिसऱ्या थांब्यावर
मारिसोल उतरली, तिच्यामागे भाऊ,
त्यांच्यामागे, इंजिन बंद करून, मी.
दार तिच्या आईने उघडलं. हात पिठाचे.
पहिलं वाक्य वळणावळणाला घोकलं होतं, ते आठवेना.
म्हणाले, मी बसवाली.
मागच्या त्या धरणाबद्दल बोलायचं होतं.

तिने माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं,
बराच वेळ, अगदी मनापासून.
कुठलं धरण?
तिकडे तर टेकडी आहे.